आंबेनळीच्या दोरावर

वरंध

आमच्या अकोल्याकडे घाट म्हटला की मोर्णा नदीच्या पायऱ्या. धुणं धुवावं, पाय बुडवून बसावं, दिवेलागणीला घरी यावं. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यालाही घाटच म्हणतात हे मला पुण्याला नोकरीसाठी आल्यावर कळलं. आणि तसल्या रस्त्याने एसटीत बसून खाली उतरायचं म्हणजे काय, ते भोरहून महाडला जाताना कळलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते.

नर्सिंग झाल्यावर काही वर्षं वॉर्डात काढून मी पुण्यातल्या एका संस्थेत प्रथमोपचार शिकवायला लागले होते. त्या वर्षी संस्थेने ठरवलं, गावोगावच्या हायस्कुलांत जाऊन मोठ्या मुलामुलींना सांगायचं की संकटात धावून जाणं हीसुद्धा नोकरी असते. त्यासाठी एक मोठा रंगीत तक्ता तयार झाला. अग्निशमन दल, रुग्णवाहिका, नागरी संरक्षण, समुद्रावरचे जीवरक्षक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात नर्सिंग. प्रत्येक चित्राखाली शिक्षण, उंची, छाती. तक्त्याची गुंडाळी माझ्या मांडीवर होती, आणि पट्ट्या, मोडलेलं हाड बांधायच्या खपच्या, औषधं भरलेली पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर.

वरंध घाट सुरू झाला आणि मी डोळे मिटले. शेजारी भोरच्या बाजाराहून परतणारी एक म्हातारी बसली होती. तिने कनवटीचं आमसूल काढलं आणि माझ्या हातात कोंबलं.

"तोंडात धर गो. मळमळ बसंल."

खरंच बसली. पण डोळे उघडायचा धीर काही झाला नाही. बऱ्याच वेळाने तिने कोपराने ढोसलं. "उघड डोले आता. घाट सरला. माझा वरंध आला."

मी डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. कापणी होऊन गेलेली, मधे मधे पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, आणि मागे मान पार मोडेल एवढा उंच डोंगर. त्याच्यावरून आपण आलो यावर विश्वास बसेना. म्हातारी उतरली, खालून हात हलवला आणि बांधावरून चालू लागली. पुन्हा वळून पाहिलं नाही.

महाड

महाडच्या स्टँडवर गायकवाड सर घ्यायला आले होते. पोलादपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पत्रव्यवहार त्यांच्याशीच झालेला. चाळिशीचे, सडसडीत, बोलणं पुण्याच्या वळणाचं. "जयभीम, वानखडे बाई. प्रवास कसा झाला?" असं त्यांनी विचारलं आणि मी घाटाचं वर्णन सुरू केलं. ते इतकं रंगलं की एसटी धूळ उडवत खेडच्या रस्त्याला लागल्यावर मला टपावरची ट्रंक आठवली.

स्टँडवरच्या साहेबांनी खेडला फोन लावला. "उद्या परवा परतीच्या गाडीने येईल. पोलादपूरलाच उतरवून घ्या," म्हणाले. चूक माझीच होती, त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं.

संध्याकाळी सर मला चवदार तळ्यावर घेऊन गेले. आमच्या घरी त्या तळ्याचा विषय निघाला नाही असा महिना जात नसे, पण माझ्या वडिलांना कधी इथवर येता आलं नाही. सर पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. मीही लावलं. काठावर पोरं गोट्या खेळत होती, एक बाई पोराला ओरडत होती. इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं, आणि ते साधं होतं म्हणूनच मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी महाडच्या एका हायस्कुलात पहिला वर्ग. ट्रंक नाही, तेव्हा मी मुलांकडे जे होतं ते मागितलं. एकाची छत्री घेऊन दुसऱ्याचा पाय बांधला, मुलींच्या रिबिनी घेतल्या, लाकडी पट्टीने मनगट बांधलं. ज्याचा पाय 'मोडला' होता तो कण्हायच्या ऐवजी हसत होता आणि सगळा वर्ग त्याला "नीट मर की रे" म्हणून ओरडत होता. मग तक्ता उलगडला. अग्निशमन दलाची छाती ऐकताच मागच्या बाकावरची सगळी पोरं श्वास भरून ताठ बसली.

एकाने विचारलं, "बाई, हे सगलं मुंबईलाच असतं काय?"

"बहुतेक मोठ्या शहरांत."

"मंग माझा भाव मुंबईलाच हाय, मिलमदे. त्याच्याकडं जायचं तर मिलच बरी ना?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आज आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नसावं.

पोलादपूर

महाडहून पोलादपूर जवळ. जिल्ह्याचं नाव नुकतंच कुलाब्याचं रायगड झालेलं. दुकानांच्या पाट्या मात्र जुन्याच होत्या. मी सरांच्या घरी उतरले. त्यांच्या पत्नीने, शांता वहिनींनी, पहिल्या रात्री तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं वाढलं. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, कडक, हातावर घेऊन ठेच्याबरोबर खायची. ही पांढरीशुभ्र, मऊ, पापुद्रा सुटलेली. मी तिसरी मागितली तेव्हा वहिनी सरांना म्हणाल्या, "तुमी म्हनला होतात वऱ्हाडची मानसं लाजतात."

पोलादपूरच्या वर्गात दहावी झालेली, घरी बसलेली मुलंमुलीही सरांनी बोलावून घेतली होती. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांतली एक मुलगी पुढे आली. अठरा-एकोणीस वर्षांची, बुटकी, काटक, पायात चपला नाहीत. तक्त्याजवळ गेली आणि अग्निशमन दलाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ह्यात पोरी घेतात?"

"नाही घेत."

"ह्यात?" बोट रुग्णवाहिकेवर.

"अजून तरी नाही."

"मंग आमी तक्ता कशाला बगायचा?"

वर्ग हसला. ती हसली नाही. मी घाईने खालचा उजवा कोपरा दाखवला. "हे बघ, नर्सिंग. मीसुद्धा नर्सच आहे."

"नर्स वॉर्डात असती. मला भाईरचं काम पायजे." जराशी थांबून ती म्हणाली, "बाई, आमच्याकडं घाटात गाडी पडली का आमी खाली उतरतो, मानसं वर आनतो. ते कुठल्या नोकरीत बसतं?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "आंबेनळी घाटातल्या वाडीची आहे. इंदू. कोंडीराम सकपाळांची मुलगी."

शिक्षकाने उत्तर येत नसलेल्या प्रश्नावर "उद्या सांगते" म्हणायचं असतं. मी तेच म्हटलं. घरी परतताना सर म्हणाले, "उद्या सांगण्यापेक्षा उद्या जाऊनच बघू. सुट्टी आहे. सकाळची महाबळेश्वर गाडी वळणावर सोडेल."

आंबेनळी

या वेळी मी डोळे उघडे ठेवले. आमसूल मात्र तोंडात होतं. रस्ता वर चढत जातो तशी खाली पोलादपूरची कौलं लहान होत जातात आणि डोंगरांच्या रांगा एकामागून एक निळ्या पडत जातात. गवत वाळून सोनेरी झालं होतं. एका वळणावर गाडीने आम्हाला सोडलं आणि पायवाटेने आम्ही वाडीत उतरलो. आठ-दहा घरं, कारवीच्या कुडाच्या भिंती, अंगणात वाळत घातलेली नाचणी.

कोंडीराम पन्नाशीचा असेल. बोलणं कमी, हात मात्र मोठे, तळवे दोराने चरलेले. कड्यावरचा मध काढायला त्याचा बाप दोरावर उतरायचा; त्याच दोरावर हा माणसं काढायला लागला. मी पहिलं माणूस कधी काढलं ते विचारलं तर म्हणाला, "पडलं व्हतं, काढलं." आणि विषय संपला.

जेवायला बसलो. कुळथाची पिठी, भाकरी, निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. मी पहिला घास घेतला असेल नसेल, वरच्या रस्त्यावरून हॉर्न वाजला. लांब. थांबून पुन्हा लांब. मग तिसऱ्यांदा.

कोंडीरामने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि उठला. आमच्या घरी भरल्या ताटावरून उठलेलं चालत नाही. इथे त्याच्या बायकोने, सरूबाईने, तोवर खुंटीवरचा दोर काढून त्याच्या खांद्यावर टाकलाही होता. शेजारच्या घरांतून माणसं निघाली. इंदूने ओचा खोचला आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटली.

वर पोचेपर्यंत माझी छाती फुटायची वेळ आली. महाबळेश्वरहून उतरणारी एसटी वळणावर थांबली होती. तिच्याच ड्रायव्हरने हॉर्न दिला होता. पुढे दगडी कठडा फुटलेला. हवेत गुळाचा गोड वास. ट्रकचा क्लीनर रस्त्याच्या कडेला बसून रडत होता, कोपर सोलवटलेलं, बाकी धड. "ब्रेक लागंना, ब्रेक लागंना," एवढंच म्हणत होता.

मी कठड्याला धरून वाकले. बरंच खाली, एक मोठी जांभळ कड्यातून आडवी आलेली, आणि तिच्यावर ट्रक कलंडून अडकलेला. गुळाच्या ढेपा सगळीकडे फुटलेल्या. ट्रकच्या थोडं खाली, एका बाजूला, माणूस पडला होता.

कोंडीरामने रस्त्याच्या आतल्या अंगाच्या हिरड्याला दोर बांधला. खालची जागा सुट्या दगडांची, जड माणूस उतरला तर दगड खालच्याच्या अंगावर जायचे, म्हणून पहिली नेहमी इंदू. ती उतरली तेव्हा एक खडाही सुटला नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"जित्ता हाय! बोलतोय! मांडी मोडलीया, पाय वाकडा झालाय!"

"चला रे," कोंडीराम म्हणाला. "पाठीवर घेऊन येऊ."

"पाठीवर नका घेऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मांडी बांधल्याशिवाय हलवू नका. आत रक्त जातं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत ना राग होता, ना चेष्टा. "मंग तुमी येता?"

सर म्हणाले, "बाई, तुम्ही इथून सांगा. इंदू करेल."

तो रस्ता मोकळा होता, आणि मला तो घ्यावासाही वाटला. पण सहा वर्षं मी धडधाकट मुलांचे पाय बाकावर बांधत आले होते. मोडलेली माणसं माझ्यापर्यंत नेहमी खाटेवरूनच आली होती, कुणीतरी आणलेली. ती कशी आणतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि वरून ओरडून मांडी बांधता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मी साडीचा काचा मारला. चपला काढल्या. कोंडीरामने माझ्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"खाली बगू नका. वर पन नको. पाय कुठं ठेवायचा तेवडंच बगा."

त्या उतरण्याचं वर्णन करायचं तर मला फक्त दगड आठवतात. एक पिवळट, एक शेवाळाचा, एक हलणारा. गुडघा सोलला, दोन्ही हातांना काटे लागले, एकदा पाय सुटून मी दोरावर लोंबकळले आणि आईला हाक मारली. वरून कोंडीराम शांतपणे म्हणाला, "धरलाय. ठेवा पाय." मी ठेवला. मग इंदूचा हात माझ्या घोट्याला लागला आणि तिने माझं पाऊल उचलून नेमक्या जागी ठेवलं.

ड्रायव्हर चाळिशीचा, मिशाळ, कऱ्हाडकडचा. नाव महादेव. चेहरा राखेसारखा, कपाळावर थंड घाम. पाणी मागत होता. माझ्यामागून कोंडीराम आणि आणखी तिघे उतरले होते. एकाने कमरेची बाटली काढली.

"नको. नुसते ओठ ओले करा. ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं हवं."

कोंडीरामने चमकून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात वर ट्रक करकरला. एक दगड आमच्या शेजारून उड्या मारत दरीत गेला. खाली बराच वेळ आवाज येत राहिला.

"किती येळ पायजे?" कोंडीरामने विचारलं.

"दहा मिनिटं."

त्याने वर जांभळीकडे पाहिलं, बुंध्यापासून मुळांपर्यंत, एखाद्या बैलाचे दात बघावेत तसं. "मुळं कातळात हायत. घ्या धा मिन्टं."

तो असं म्हणाला आणि मी कामाला लागले. ट्रंक जवळ नव्हती. कोंडीरामने कोयत्याने कारवीच्या काठ्या तोडल्या, मी म्हणेन त्या लांबीच्या. एक काखेपासून घोट्यापर्यंत, एक आतल्या बाजूने. माणसांनी डोक्याची मुंडाशी सोडून दिली, ती मी काठ्यांना गुंडाळली. माझा पदर फाडून पट्ट्या केल्या. इंदूला म्हटलं, "पाऊल दोन्ही हातांनी धर. हळूहळू सरळ रेषेत ओढ. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. तो ओरडला तरी नाही."

तो ओरडला. एकदाच, पण असा की दरीने तो आवाज परत पाठवला. इंदूचं तोंड पांढरं पडलं, दाताखाली धरलेल्या ओठातून रक्त आलं. पण तिने सोडलं नाही. मी एकेक पट्टी बांधत गेले. शेवटची गाठ मारली तसा महादेव म्हणाला, "आता बरं वाटतंय ओ."

त्यानंतर माझं काम संपलं आणि त्यांचं सुरू झालं. वाडीतल्या आजाऱ्याला ते बांबू आणि घोंगडीच्या डोलीतून दवाखान्यात नेतात; तशीच डोली वरून सोडली होती. कोंडीराम एक शब्द बोलायचा, "हां," आणि एकच माणूस एकच पाय उचलायचा. मग "थांब." मग पुन्हा "हां." डोली त्या कड्यावरून पाण्यावरच्या होडीसारखी वर गेली. हॉस्पिटलाच्या जिन्यावरून चार वॉर्डबॉय स्ट्रेचर नेताना रुग्णाला बसतात तेवढे हिसकेही महादेवला बसले नसतील.

अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं, "माझा गूळ?"

"गूळ माकडांनी वाटून घेतला," कोंडीराम म्हणाला, आणि डोली धरलेले सगळे हसले. महादेवसुद्धा.

पायरी

थांबलेली एसटी पोलादपूरलाच चालली होती. उतारूंनी मागची बाजू रिकामी करून दिली. पोलादपूरच्या डॉक्टरांनी बोटांचा रंग पाहिला, नाडी पाहिली, सलाईन लावलं आणि महाडला न्यायला जीप बोलावली. "हे बांधलेलं कुणी सोडू नका," असं बरोबरच्या माणसाला बजावलं. मग आमच्याकडे वळले. "कुणी बांधलं?"

"मी बांधलं. हिने धरलं," मी म्हटलं.

"छान धरलंस," ते इंदूला म्हणाले. "मांडीच्या मोडीत माणूस आतल्या आत रक्त गाळतो. तसाच पाठीवर टाकून आणला असता तर इथपर्यंत पोचला नसता."

ते सहज बोलून आत गेले. कोंडीराम दारात उभा होता. त्याने ऐकलं.

जीप गेल्यावर तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसले. माझ्या सोललेल्या गुडघ्याला बातमी ऐकून धावत आलेल्या शांता वहिनींनी हळद लावली होती.

"मागच्या पावसाळ्यात एक पोरगा व्हता," तो म्हणाला. "वाईकडचा. मोटारसायकलवरनं पडलेला. त्याची पन मांडीच. मी पाठीवर आनला. सगला येळ बोलत व्हता माझ्याशी, आईचं सांगत व्हता. वर आनला, पानी पाजला, आन गेला." तो थांबला. "मीच मारला काय वो त्याला?"

उगीच धीर दिला असता तर त्याला ते कळलं असतं.

"तुम्ही उतरला नसता तर तो दरीतच गेला असता, एकटा," मी म्हटलं. "पाठीवर आणल्याने त्याला अपाय झाला असेल. पण ते तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणारी माणसं पुण्यात बाकांवर शिकवत बसली होती. त्यांत मीही होते."

तो उठला, धोतर झटकलं.

"मंग शिकवा."

पुन्हा वाडीत

मी पुण्याला तार केली आणि चार दिवस मुक्काम वाढवला. ट्रंकही खेडहून आली, एका बाजूला चेपलेली पण शाबूत. सरांनी रजा टाकली, आणि रोज सकाळच्या गाडीने ते आणि मी वाडीत जायचो. अंगणात नाचणी बाजूला सारून वर्ग. बाया, म्हातारे, सगळे. तक्ता मी उलगडलाच नाही. मान मोडली असेल तर डोकं कसं धरायचं, रक्त कुठे दाबायचं, पाणी कुणाला द्यायचं नाही. कारवीच्या काठ्या आधीच कापून, चिंध्या गुंडाळून दोराशेजारी टांगून ठेवायची कल्पना सरूबाईची. पुस्तकात ती मला कुठे सापडली नव्हती.

दुपारी ते मला शिकवायचे. गाठ बघून माणूस टांगायचा की नाही हे कसं ठरवायचं. सुटायच्या आधी दगड बोलतो म्हणजे काय. मी मारलेली एकही गाठ कोंडीरामने शेवटपर्यंत पास केली नाही.

तिसऱ्या दिवशी मी इंदूच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. डॉक्टरांना विचारून माहिती काढली होती. सहायक परिचारिकेचं शिक्षण असतं; दहावी पुरे, उंचीची अट नाही. पास झाल्यावर नेमणूक होते ती वॉर्डात नाही, डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर. पायी हिंडायचं. बाळंतपणं, ताप, साप, पडलेले, भाजलेले, सगळं आपणच बघायचं. डॉक्टर दूर असतो.

"भाईरचं काम," इंदू म्हणाली.

"पूर्ण बाहेरचं."

कोंडीराम दोर वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ती हलकी हाय. खडीवर तिच्यासारखं कोन उतरंल?"

हा अडाण्याचा हट्ट नव्हता. ती शिकायला गेली की त्या कड्यावर खरोखर एक माणूस कमी पडणार होतं, आणि त्याची किंमत खाली पडलेल्याने मोजायची होती. उत्तर दिलं ते चुलीपाशी बसलेल्या सरूबाईने.

"तिचं लगीन झालं असतं तं गेलीच असती ना? तवा काय दोर अडला असता?"

कोंडीरामचे हात थांबले. इंदू ओठ चावत हसू दाबत होती. मग तो सरांना म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शाळंत हलकी पोरं हायत?"

"पुष्कळ आहेत."

"रईवारी पाठवा. बगू."

पुढचं इथेच सांगून टाकते. इंदूची निवड झाली. मी हे लिहिते आहे तेव्हा ती शिकते आहे, आणि सुट्टीत घरी आली की वाडीत सगळ्यांचे रक्तदाब तपासते, असं सर लिहितात. महादेवचा पाय वाचला. शाळेतली तीन पोरं आणि एक पोरगी दर रविवारी दोरावर असतात. संस्थेचा तक्ताही आम्ही बदलायला घेतला आहे.

पण मला सांगायचं आहे ते निघायच्या दिवशीचं. सरांनी इंदूचा अर्ज आणला होता. ओसरीवर बसून तेच भरत होते. नाव, गाव, शिक्षण झालं. मग एक रकाना आला, 'पूर्वानुभव असल्यास'.

"इथे काही नाही असंच लिहितात सगळे," सर म्हणाले आणि पेन टेकवलं.

"काय हाय ते?" कोंडीरामने विचारलं.

"आधी असलं काम केलं असेल तर ते लिहायचं."

कोंडीराम खांबाला टेकून बसला होता. तो जरा पुढे सरकला. "लिवा. वरातीची जीप पडली व्हती, त्यातली दोन मानसं. नवरदेव आन त्याची मावशी."

सर लिहू लागले.

"दुधाचा टेंपो. त्यातला एक. मंग ती कॉलेजची पोरं, तिघं. सहलीला आली व्हती. एकीचा हात मोडला व्हता, ती इंदूला सोडंना. मंग एक म्हातारा, तो गाडीतनं नाय पडला, बकरीमागं गेलेला. बकरी पन आनली."

"बकरी लिहू?"

"लिवा की. इंदूनंच आनली."

सर्वांना आठवायला लागलं. सरूबाई आतून एक सांगायची, शेजारचा एक. रकाना भरला, समास भरला, सरांनी वहीचा कागद फाडून जोडला. वाईच्या त्या मोटारसायकलवाल्याचं नाव कोंडीरामनेच घेतलं.

"बाबा, तो वारला ना," इंदू हळूच म्हणाली.

"वारला. पन आनला तं आपनच ना वर? लिवा गुरुजी."

लिहून झाल्यावर त्याने सरांना सगळं वाचून दाखवायला सांगितलं. सरांनी सावकाश वाचलं. नवरदेव, मावशी, दूधवाला, पोरं, म्हातारा, बकरी, मोटारसायकलवाला, आणि शेवटी महादेव. कोंडीराम प्रत्येक नावाला मान हलवत होता. वाचून संपलं तरी तो कागदाकडेच बघत राहिला.

"येवडे झाले?" तो म्हणाला.